मैनाबाई, मी एक पान गाळलं होतं

मैनाबाई, जय भीम.

बघ, मी आधी म्हटलं. म्हणजे आज तू हरलीस. आपला रोजचाच डाव होता हा. सकाळी मी केंद्रात शिरले की आधी माझं 'जय भीम' की आधी तुझं 'जोहार', आणि जिला उशीर झाला तिनं चहा ठेवायचा. तू गावी राहायला गेल्यावरही फोनवर तो चालूच होता. मी हरले की इथून चंद्रपुरातून म्हणायची, "ठेवते बाई चहा," आणि तू वैनगंगेच्या पलीकडून म्हणायचीस, "ठेव. मले का फोनातून वास येते?"

आज जिंकले आणि काही मजा आली नाही.

तू जाऊन चौदा दिवस झाले. दुपारी जेवलीस, छातीत दुखते म्हणालीस, अंगणातल्या खाटेवर आडवी झालीस, आणि संपलं. तुझ्या भावाचा फोन आला तेव्हा मी एका नव्या बाईचा अर्ज भरत होते. फोन ठेवून मी तो अर्ज पूर्ण भरला, सही घेतली, मग न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले. तू असतीस तर दारावर थाप मारून म्हणाली असतीस, "नळ बंद कर, टाकी खाली होते."

परवा तुझी तेरवी झाली. तिथून काल आले. आता लिहायला बसले कारण एक गोष्ट मी तुला कधीच सांगितली नाही. सांगायची संधी शंभर वेळा आली, आणि प्रत्येक वेळी मी दुसरंच काहीतरी बोलले. आज सांगते. पण सरळ तिच्यावर येणार नाही, तुला माहीत आहे मी कशी आहे.

पहिला दिवस आठवतो? मोठ्या दवाखान्यात कैक वर्षं काढून तू आमच्याकडे आलीस, हातात एक प्लास्टिकची पिशवी. मनाच्या आजारातून उठलेल्या बायांनी इथे राहावं, हळूहळू आपल्या पायावर उभं राहावं, म्हणून हे केंद्र. मी तेव्हा नवी समाजसेविका, नवी साडी, नवं ओळखपत्र. तू फाटकाशीच थांबलीस. "इथी कुलूप कोन लावते?" म्हणालीस. मी मोठ्या अभिमानानं म्हटलं, "इथे कुलूप नाही, नुसती कडी आहे."

"मंग मी जाऊ काय?"

"कुठे?"

"घरी. अजून कुठी?"

आणि मी तुला ते वाक्य म्हटलं जे पुढं दोन वर्षं रोज म्हणत राहिले. "आधी बऱ्या तर व्हा."

तू माझ्याकडे असं पाहिलंस, जसं बाजारात काकडी विकणारी गिऱ्हाइकाकडे पाहते. "बरी म्हनजे किती बरी, म्याडम? माप सांगा."

माप मला सांगता आलं नाही. आजही येत नाही. तेव्हा मात्र मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं होतं: सहाला उठणे, आंघोळ, प्रार्थना, नाश्ता, मग कौशल्य प्रशिक्षण. कौशल्य म्हणजे मेणबत्त्या. त्या मेणबत्त्यांनी तू माझा जीव खाल्लास! "आमच्या गावात मेनबत्ती कोन लावते? लाईन गेली तं गेली, सारे अंगनात बसते." वाकड्या मेणबत्त्या करायचीस मुद्दाम. मी नोंदवहीत लिहायची, 'कामात रस नाही.' घुग्घुसची रेखा, तुझ्या बाजूच्या खाटेवरची, दहावीपर्यंत शिकलेली, ती तुझ्या वाकड्या मेणबत्त्या सरळ करून ठेवायची आणि तू तिचे केस विंचरून द्यायचीस. हे मात्र मी कुठेही लिहिलं नाही. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

सुरुवातीला मी तुला अहो-जाहो करायची. तूच ते मोडलंस. "मले अहो म्हनते आन् गोळी तोंडात घालून गिळली का पाह्यते. एक काहीतरी कर." त्या दिवसापासून मी 'तू' झाले आणि तूही. मी मॅडम होते, तुझी पोट्टी झाले, म्हणजे पोरगी.

आता येते त्या गोष्टीवर.

तुझं आमच्याकडचं दुसरं वर्ष. मार्च संपत आला होता. पहाटेच्या पाळीची मावशी मला सांगायला लागली की मैनाबाई चार वाजताच उठते. स्वयंपाकघरातली टोपली घेते, आवारातल्या कडुनिंबाखाली जाते, अंधारातच सगळा पाला झाडून काढते आणि टोपली मांडीवर घेऊन बसून राहते. उजाडेपर्यंत. कोणी हात धरून आत आणलं की चिडते, फाटकाकडे जाते, "जाऊ द्या, उशीर होते" म्हणते.

मी काय केलं, सांगू? तुला विचारलं नाही. कशाचा उशीर, एवढं एक वाक्य विचारायला काय जात होतं माझ्या बापाचं! पण मी शिकलेली होते ना. पुस्तकात लिहिलं होतं की झोप कमी झाली, भटकणं वाढलं, अर्थ नसलेल्या हालचाली दिसल्या, की आजार उलटतो आहे समजावं. मी तुझ्या फाइलीत सुवाच्य अक्षरात एक पान भरलं. 'झोप कमी. पहाटे उठून विनाकारण झाडाखाली झाडत बसते. बाहेर जाण्याचा हट्ट. आजार उलटल्याची शक्यता.' खाली सही, वैशाली.

डॉक्टर गुरुवारी यायचे. भला माणूस, पण एका दिवसात चाळीस तोंडं बघणारा. त्यांनी पान वाचलं, गोळ्या वाढवल्या.

तू झोपलीस. दहा-दहा वाजेपर्यंत झोपलीस. उठलीस तर तोंडातून लाळ, हातात थरथर, वरणाचा घास भातात की ताटाबाहेर कळत नव्हतं. रेखा भरवायची तुला. सगळा एप्रिल तसा गेला. आणि मी, मैनाबाई, मी पुढच्या ओळीत लिहिलं, 'झोप सुधारली. शांत आहे.'

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत मी तुझ्या घरच्यांना भेटायला म्हणून पहाटेच्या एसटीनं निघाले. गडचिरोली मागे पडलं आणि जंगल लागलं. अजून नीट उजाडलं नव्हतं. खिडकीतून पाहते तर झाडाखाली बाया. दुसऱ्या झाडाखाली बाया. पोरं, म्हातारे, सगळे वाकलेले, मांडीशी टोपली, झाडाखालची जमीन अंगणासारखी झाडून लख्ख केलेली. मी कंडक्टरला विचारलं, "भाऊ, एवढ्या पहाटे ही माणसं काय करून राहिलीत?"

त्यानं तिकिटं फाडता फाडता माझ्याकडे पाहिलं. "मोहा गळते ना मॅडम. फूल पहाटीच पडते. ऊन चढलं का ढोरं खाऊन टाकते. कुठच्या तुमी?"

"ऊर्जानगरची," मी म्हटलं.

"मंग बराबर," म्हणाला, आणि पुढच्या सीटवर गेला.

 मी वीजकेंद्राच्या कॉलनीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. आमच्याकडे माणसं पाळीप्रमाणे उठतात, बाबांची पहिली पाळी असली की चारला उठायचे, आई डबा करायची, आणि कोणी त्यांना वेडं म्हणत नव्हतं. मोहा म्हणजे मला दारू माहीत, पेपरातली धाड माहीत. ते एक फूल आहे, ते झाडावरून आपणहून पहाटे गळतं, ते वेचायला अख्खं गाव चारला उठतं, आधी झाडाखालचा पाला झाडतं, हे मला बत्तिसाव्या वर्षी कंडक्टरनं सांगितलं. तू वेडी झाली नव्हतीस. तुझं अंग घड्याळासारखं बरोबर चाललं होतं. मोहा लागला होता आणि तुला जाग आली होती, बस.

तुझ्या घरी पोचले तर तुझी भावजय सुमन अंगणात फुलं वाळत घालत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं पहिला प्रश्न केला, "बाईले कोनी मोहा खाऊ घालते का तिथी?" मग मागच्या बाजूचं मोठं झाड दाखवलं. "हे त्याईचं. त्याईच्या बापानं त्याईलेच देल्लं. मी वेचते, पन झाड त्याईचंच होय." गावात दुसऱ्या कोणीही त्या झाडाखाली टोपली ठेवली नव्हती इतकी वर्षं. आणि माझ्या फाइलीत लिहिलं होतं, 'कुटुंबाचा आधार: नाही.'

परत येऊन मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "मलाही माहीत नव्हतं हो," म्हणाले, आणि गोळ्या उतरवत आणल्या. मग आम्ही केंद्रात एक नवीन पद्धत सुरू केली. फाइल त्या त्या बाईला वाचून दाखवायची. आपल्याबद्दल काय लिहिलं आहे ते ऐकायचा तिचा हक्क, चुकलं असेल तर तिथेच सांगायचा हक्क. कल्पना माझीच. सगळ्यांनी कौतुक केलं.

आणि तुझी फाइल वाचताना मी ते पान गाळलं.

दोन पानं एकत्र उलटली मी, वाऱ्यानं उलटावीत तशी. तू समोर बसून चिंचा सोलत होतीस. थांबलीस. "त्या मोहाच्या दिवसात एवढंच लिवलं काय?" विचारलंस.

"हो," मी म्हटलं. "एवढंच."

तू माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलंस आणि परत चिंचा सोलायला लागलीस. मला वाटलं, सुटले.

पुढच्या मोहाच्या दिवसांत तुला गावी न्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त मीच आडवी आले, आठवते? स्वतःच्या चुकीची भीती वाटत होती मला, पण मी ती तुझ्या काळजीच्या नावानं बोलत होते. जंगल आहे, गोळ्या कोण देईल, परत आवाज यायला लागले तर, आणि वाघ! तुझ्या तालुक्यात त्याच हंगामात वाघाची बातमी होती. तू भडकलीस. "वाघ का माह्याच नावानं येऊन राह्यला? गावच्या बाकी बाया का लोखंडाच्या हायेत? त्या जाते ना? मले आजार झाला म्हून मी वाघालेबी वेगळी दिसन?" मग आवाज उतरवून, "भेवाचं मले असन तं मी भेईन," तू म्हणालीस. "तू काऊन माह्या वाटचं भेतं?"

आठ दिवसांसाठी गेलो आपण दोघी. पहिल्याच पहाटे मी गाढ झोपून राहिले. डोळे उघडले तर तोंडावर ऊन, कोंबड्या उशाशी, आणि तू टोपली भरून परत आलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, केसांत फुलं अडकलेली. एवढं हसताना मी तुला कधी पाहिलं नव्हतं. "पाह्य सुमन, म्याडम झोपूनच राह्यली! आता मी लिवून ठेवू काय फाइलीत?"

आपण तिघी हसलो. मीही हसले. मूर्ख! त्या वाक्यात काय होतं ते मला कळलंच नाही.

आठ दिवसांचं वर्ष झालं, वर्षाची चार झाली. सगळं गोड गोड झालं असं मी लिहिणार नाही, तूच फाडून टाकशील. एका पावसाळ्यात तू गोळ्या सोडल्यास, आवाज वाढले, सुमनला शिव्या दिल्यास, तीन आठवडे आमच्याकडे येऊन राहिलीस. पण स्वतःहून आलीस आणि स्वतःहून गेलीस, एसटीत खिडकीशी बसून. गोळ्यांवरून आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. मागच्याच महिन्यात फोनवर मी म्हटलं की पूर्ण घे, आणि तू म्हणालीस, पूर्ण घेतली की पहाटी जाग येत नाई. मी म्हटलं, डॉक्टरांशी बोलू. तू म्हणालीस, "बोल. पन मले समोर बसवून बोल." ते बोलणं राहिलं. तू गेलीस त्याच आठवड्यातल्या गुरुवारी ठरलं होतं.

आवाज तर तुला येतच होते. तू त्यांचं काय करायचीस ते मी आता नव्या मुलींना शिकवते. "त्याईले सांगते," तू म्हणायचीस, "मोहा होऊ दे, मंग बोलू. हाताले काम आहे." मी एकदा म्हटलं, मैनाबाई, तू आता बरी झालीस. तू इतकी चिडलीस! "बरी झाली म्हनू नको. आजारी होती तवाबी मीच होती. कोनी दुसरी नोती." यावरही आपण भांडलो. मला अजून वाटतं की 'बरी' हा शब्द वाईट नाही. पण आता कोणाशी भांडू?

महिन्यातून एकदा तू केंद्रात यायचीस, नव्या बायांशी बोलायला. आम्ही विचारायचो, झोप कशी आहे, भूक कशी आहे. तू विचारायचीस, "तुह्या गावात आता का चालू असन?" राजुऱ्याची एक बाई, सहा महिने शब्द न बोललेली, तुझ्या त्या प्रश्नावर म्हणाली, "कापूस." मग दिवसभर बोलत होती. रेखा म्हणाली होती, खाणीच्या फाटकाशी माझ्या बहिणीची चहाची टपरी आहे, आता पाळी सुटली असन, गर्दी असन. आज रेखा त्या टपरीवर बसते, तुला माहीतच आहे. मंगळवारी इकडे येते. तुझा तो प्रश्न आता आमच्या अर्जावर पहिला छापलेला आहे, झोपेच्याही आधी.

तर तेरवीची गोष्ट. तुला तुमच्या रीतीनं गावाबाहेर मातीत ठेवलंय, तिथे मी जाऊन आले. गाव जेवलं. मी सुमनकडेच थांबले. पहाटे कोणीतरी मला गदागदा हलवलं.

"उठा मॅडम."

"काय झालं?" मी दचकून उठले.

सुमनच्या हातात टोपली होती. तुझी, एका कडेला तार बांधलेली. "मोहा लागला. चला."

"मी?"

"बाईनं सांगून ठेवलं होतं. म्हने, मी नाई राह्यली तं वैशाली येईन. तिले उठवजो. तिनं माहा एक मोहा झोपवून टाकला होता, तिले एक दिस तरी जागवजो."

मैनाबाई, मी खाटेवरच बसून राहिले. टोपली मांडीवर घेतली.

"तिला माहीत होतं?"

"मालूम होतं ना. रेखानं फाइल चोरून वाचून देल्ली होती तिले, तुमी वाचाच्या कितीक आधी. मंग तुमी वाचली तं ते पान आलंच नाई. घरी येऊन सांगतली मले. हासून राह्यली होती."

"राग नव्हता?"

सुमन लगेच 'नाही' म्हणाली नाही. ते मला बरं वाटलं. "होता. लय होता. एक पावसाळाभर होता. मंग म्हने, पोट्टी कालोनीतली होय, तिले का मालूम फूल कवा पडते. पन कबूल काऊन नाई करत, म्हने. मी वाट पाहून राह्यली."

तू वाट पाहत होतीस. चार वर्षं रोज सकाळी फोनवर जोहार करत, चहा ठेवायला लावत, तू वाट पाहत होतीस आणि मी तुला हवामान सांगत होते.

झाडाखालचा पाला मी झाडला. मला नीट येत नव्हतं, सुमननं दोनदा झाडणी हातातून घेऊन दाखवलं. मग बसलो. फुलं पडत होती. वेचली. वास अजून माझ्या बोटांना आहे, साबणानं गेला नाही.

आज मंगळवार. सकाळी केंद्रात आले, कपाटातून तुझी फाइल काढली. ते पान उघडलं. माझ्या त्या सुवाच्य अक्षरांखाली थोडी जागा उरली होती. तिथे लिहिलं: 'ती पहाटे उठत होती कारण मोहा लागला होता. झाडाखाली झाडत होती कारण तसंच करतात. लिहिणारीनं विचारलं नाही. चूक लिहिणारीची.' सही केली. मग स्वयंपाकघरात गेले. रेखा होती, ती राजुऱ्याची बाई होती, नव्या दोघी होत्या. तुझी फाइल पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचून दाखवली. एकही पान गाळलं नाही. रेखा मध्येच म्हणाली, "अक्षर लय चांगलं होतं त्या पानावर, म्हून तं मले वाचता आलं," आणि सगळ्या हसल्या, आणि मी रडले, या वेळी नळ न सोडता.

वर लिहिलं ते खोटं आहे, मैनाबाई. मी जिंकले नाही. तू माझ्या कितीतरी आधी बोलली होतीस, चिंचा सोलता सोलता, आणि मी ऐकलं नाही.

चहा ठेवलाय.